मागचा एक्सल नाचत होता : खाली बसवलेल्या एका मस्टँगचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २०११ची फोर्ड मस्टँग जीटी. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, ४१२ अश्वशक्ती, सहा गिअर हाताने बदलायचे, मागे ३.७३चं क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकांकडे जोर वळवणारी शेवटची दातेरी जोडी. मालक माझा मित्र, मूळचा कोल्हापूरकडचा, आता मिशिगनात स्थायिक. त्याच्याबद्दल एवढंच पुरे. मी त्याच्यापासून अर्ध्या तासावर राहतो आणि पोटापाण्याचं कामही सस्पेन्शनचंच करतो. त्यामुळे "जरा येऊन बघतोस का?" हा फोन मलाच येणार होता.

गाडी त्याने २०१८ साली जुनी घेतली, तेव्हा ती कारखान्यातून निघाली तशीच होती. वर्षभर काही तक्रार नव्हती. मग त्याला ती उंच दिसायला लागली. चाक आणि मडगार्डच्या मधली फट डोळ्यात खुपते असं तो म्हणायचा. एका दुकानात जाऊन त्याने आखूड स्प्रिंगा बसवून घेतल्या, गाडी दीड इंच खाली आली. त्याच महिन्यात मूळच्या २३५ मिलिमीटर रुंदीच्या टायरांऐवजी २७५चे, चिकट रबराचे उन्हाळी टायर आले. शॉकॲब्सॉर्बर जुनेच राहिले, पण गाडी दिसायला झकास झाली, यात वाद नाही.

पुढचं समजायला या गाडीची मागची बाजू डोळ्यांपुढे हवी. २००५ ते २०१४ या पिढीच्या मस्टँगला मागे अखंड एक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच हाउसिंगला, एक्सलच्या लोखंडी कवचाला, जोडलेली. हे हाउसिंग जागेवर धरायला खाली डावा-उजवा असे दोन लांब आर्म, वर मध्यभागी एक आखूड आर्म आणि एक्सल आडवा सरकू नये म्हणून एक आडवी दांडी, जिला पॅनहार्ड रॉड म्हणतात. प्रत्येक आर्मच्या टोकाला रबरी बुश, म्हणजे धक्के जिरवणारं रबराचं कडं, मधे बोल्टसाठी नळी. एवढाच संसार.

अडचण

२०१९च्या जूनमध्ये तो मिलान ड्रॅगवेला गेला. ॲन आर्बरच्या दक्षिणेला हा पाव मैलाचा ट्रॅक आहे. हिरवा दिवा लागल्यावर त्याने चार हजार आरपीएमला क्लच सोडला आणि मागून कोणीतरी हातोड्याने हाउसिंग बडवतंय असा आवाज सुरू झाला. त्याच्याच शब्दांत : "अरे, गाडी पुढे जाईना, जागच्या जागी नाचायला लागली. आरशात काही दिसेना, इतकी थरथर." त्याने पाय काढला. पावतीवर पहिल्या साठ फुटांची वेळ २.३८ सेकंद होती. स्प्रिंगा बदलायच्या आधी त्याच गाडीने अरुंद टायरांवर यापेक्षा बरी वेळ दिली होती.

याला व्हील हॉप म्हणतात. नुसतं चाक घसरणं वेगळं, त्यात धूर निघतो आणि टायर झिजतो, एवढंच. हॉपमध्ये टायर पकडतो, हाउसिंग बुशांना पिळून मागे वळतं, पीळ मावेना की टायर सुटतो, हाउसिंग झटक्याने परत येतं आणि टायर पुन्हा पकडतो. हे चक्र चालूच राहतं, आणि प्रत्येक पकडीला एक्सल शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट आणि क्राऊन-पिनियनच्या दातांवर घण बसतो. चिकट टायर लावले की पकड वाढते तसा घणही जड होतो.

मित्राला हे फार समजावून सांगावं लागलं नाही. लहानपणी वडिलांच्या जीपखाली पाने पुढे करत तो वाढलेला. चढावर जोर लावला की जीपचे पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळवटतात, हे त्याने पाहिलं होतं. साठच्या दशकातल्या अनेक अमेरिकन मसल कारांचं दुखणं हेच होतं, कारण त्यांनाही मागे पाटेच होते. १९६५च्या शेल्बी जीटी३५०ला त्यासाठी एक्सलवर जादा दांड्या बसवलेल्या असत. आमच्या गाडीला पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंगा आहेत. मग पिळतंय कोण?

तपासणी

मी पोचलो तेव्हा लॅपटॉपवर खरेदीची टोपली भरलेली होती. खालचे आर्म, वरचा आर्म, त्याचा माउंट, ब्रॅकेट, पॅनहार्ड रॉड, शॉक. सगळं मिळून दीड हजार डॉलरच्या वर. तो म्हणाला, "सवलत रविवारपर्यंतच आहे." मी लॅपटॉप मिटला. माझा प्रश्न साधा होता : वर्षभर नाचत नव्हती, आता नाचते, मधे काय बदललं?

गाडी रॅम्पवर चढवली, म्हणजे तिचं वजन चाकांवरच राहील. जॅकवर उचलली की एक्सल लोंबतो आणि कोनांची सगळी मापं खोटी येतात. खालच्या आर्मवर कोनमापक ठेवला. आर्मचं पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा खाली होतं, साडेतीन अंश. हिशेब जुळत होता : बॉडी दीड इंच खाली आली, बॉडीला जोडलेलं आर्मचं पुढचं टोकही तिच्याबरोबर खाली आलं, मागचं टोक मात्र एक्सलवर आहे आणि एक्सलची उंची टायर ठरवतो, म्हणून ते होतं तिथेच राहिलं. अर्ध्या मीटरच्या आतल्या आर्मला दीड इंच म्हणजे साडेचार अंशांचा फरक. मुळात तो पुढे किंचित वर झुकलेला असणार.

या साडेतीन अंशांवरच पुढचं सगळं ठरलं, म्हणून जरा थांबतो. चाकं गाडीला पुढे ढकलतात ती मुख्यतः खालच्या दोन आर्मांतून. आर्म ज्या दिशेला रोखलेला, त्या दिशेला जोर. पुढचं टोक वर असेल तर आर्म गाडीला पुढे ढकलताना थोडं वरही उचलतो आणि त्याच्या उलट एक्सलला जमिनीत दाबतो. टायरला हवी ती दाब अशी आयती मिळते. पुढचं टोक खाली असेल तर उलटं : गाडीचं बूड खाली दाबलं जातं आणि एक्सल वर उचलला जातो, तोही नेमका सगळ्यात जास्त पकड हवी असते त्या क्षणी. गाडीला अँटी-स्क्वॉट किती आहे म्हणतात ते हेच. वरच्या आर्मचा कोनही त्यात मोजावा लागतो. दोन्ही आर्मांच्या रेषा वाढवून त्या कुठे मिळतात ते काढतात. मी कागदावर काढून बघितलं, आमच्या गाडीचं अँटी-स्क्वॉट जवळजवळ संपलं होतं.

दुसरी गोष्ट सापडली ती बॅटरीच्या उजेडात. खालच्या आर्मांच्या पुढच्या बुशांच्या रबराला कडेने चीर गेलेली. गाडी पन्नास हजार मैल चाललेली, त्यामुळे नवल नाही. पण चीर दोन्ही बाजूंना एकाच जागी, एकाच दिशेने होती. मी विचारलं, "स्प्रिंगा बसवताना आर्मचे बोल्ट कुठे आवळले होते? गाडी लिफ्टवर असताना का?" त्याला माहीत नव्हतं, आणि दुकानाने काय केलं ते मीही पाहिलेलं नाही. चिरेवरून मात्र तसंच दिसत होतं. रबरी बुशाची आतली नळी बोल्ट आवळला की घट्ट धरली जाते. लोंबत्या एक्सलवर आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि थोड्या दिवसांत फाटतं.

तिसरी तपासणी मित्राच्या मुलीच्या नेलपॉलिशने झाली. बुशाच्या बाहेरच्या कड्यापासून बॉडीच्या ब्रॅकेटपर्यंत गुलाबी रेघ ओढली, खाली ॲक्शन कॅमेरा चिकटवला आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या ओसाड पार्किंगमध्ये दोनदा क्लच सोडला. सेकंदाला २४० चौकटींच्या चित्रीकरणात एक उडी साधारण वीस चौकटींची भरली, म्हणजे सेकंदाला बारा उड्या. गुलाबी रेघ तुटून दोन्ही तुकडे जवळपास एक सेंटीमीटर मागेपुढे होताना दिसले. मित्र तो तुकडा पुन्हा पुन्हा बघत राहिला. "हा बुश आहे का च्युइंग गम?"

म्हणजे आजार दोन होते. कोन बिघडलेला, आणि बुश पिळवट साठवून ठेवणारा. पहिल्याने टायर सुटायचा, दुसऱ्याने त्याला परत झटका बसायचा.

पर्याय

सगळ्यात स्वस्त पर्याय होता जुन्या स्प्रिंगा परत लावण्याचा. त्या गॅरेजच्या माळ्यावर खोक्यात पडून होत्या. मी तो मनापासून सुचवला आणि तो मनापासून फेटाळला गेला. ठीक आहे, गाडी त्याची.

नुसते खालचे आर्म बदलणं हा सगळे करतात तो उपाय. मूळचे आर्म पत्रा दाबून घडवलेले, नवे चौकोनी नळीचे, पॉलियुरेथेनच्या कडक बुशांचे. दोन-अडीचशे डॉलरमध्ये जोडी. याने पिळवट थांबते, पण कोन तसाच राहतो. मला भीती वाटत होती ती ही, की हॉप जाऊन तिथे साधं घसरणं येईल आणि आपण बरं झालं म्हणून खूष होऊ.

एक्सलवर ब्रॅकेट लावून आर्मचं मागचं टोक खाली आणणं हा थेट कोनावरचा उपाय. आमच्या पाहण्यातल्या ब्रॅकेटला दोन भोकं होती, एक दीड इंच खाली, दुसरं सव्वादोन इंच. खर्च आर्मांपेक्षा कमी. तोटा असा की ब्रॅकेट खाली लोंबतो, आणि आधीच खाली आलेली ही गाडी आता स्पीडब्रेकरला पोट घासायला एक निमित्त आणखी मिळवते.

वरचा आर्म आणि त्याचा माउंट बदलायला मी विरोध केला. हाउसिंगची वळायची ओढ हाच आर्म झेलतो, म्हणून तो कडक केला की फरक पडतो, हे खरं. पण याचा माउंट मागच्या सीटच्या बरोबर खाली आहे. तिथला रबरी बुश काढून पॉलियुरेथेन घातलं की डिफरन्शियलची, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरांची, गुणगुण थेट आत येते. या गाडीत रविवारी बायको-मुलगी बसतात. ट्रॅकसाठीच ठेवलेल्या गाडीला मी वेगळा सल्ला दिला असता.

शॉकॲब्सॉर्बरवर आम्ही पुरेसा विचार केला नाही. त्याबद्दल शेवटी.

एक गोष्ट भारतातल्या वाचकांसाठी इथेच सांगून टाकतो. भारतात २०१६पासून विकली गेलेली मस्टँग ही पुढच्या पिढीची आहे. तिला मागे अखंड एक्सल नाही, दोन्ही चाकं स्वतंत्र आहेत. तिथे हॉप आला तर सगळं मागचं सस्पेन्शन ज्या चौकटीवर टांगलेलं आहे तिचे बुश आणि डिफरन्शियलचे बुश आधी बघायचे. इथे लिहिलेले ब्रॅकेट तिला लागतच नाहीत.

आधी काय, हा वाद

पैसे ब्रॅकेट आणि खालचे आर्म या दोन्हींसाठी होते. मित्राचं म्हणणं, एकाच दिवशी दोन्ही लावू, गाडी एकदाच खोलायची. माझं म्हणणं, एकावेळी एकच. आधी बुश योग्य उंचीवर पुन्हा आवळू, मग ब्रॅकेट, मग लागलेच तर आर्म. "तुला शास्त्र करायचंय, मला गाडी चालवायचीय," तो म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. प्रत्येक फेरीला अख्खा शनिवार जातो. शेवटी तडजोड झाली. माझ्या क्रमाने जायचं, पण ब्रॅकेटचं भोक तो निवडणार.

ती तडजोड आम्हाला एक शनिवार महागात पडली.

काय केलं

पहिल्या शनिवारी फुकटची कामं. टायरचा दाब गरम असताना मोजला, खालच्या आणि वरच्या आर्मचे सगळे बोल्ट सैल केले, गाडी रॅम्पवर स्वतःच्या वजनावर उभी असताना दोनदा हलवून बसू दिली, मग टॉर्क पान्याने आवळले. पॅनहार्ड रॉडही मोजला. गाडी खाली आली की ही दांडी आडवी होत जाते आणि एक्सलला एका बाजूला ढकलते. आमचा एक्सल सहा मिलिमीटर सरकला होता. हॉपशी त्याचा संबंध नाही, म्हणून नोंद करून सोडून दिला. संध्याकाळी पार्किंगमध्ये बघितलं तर हळू क्लच सोडल्यावर नाच थांबला होता. जोरात सोडला की होताच.

दुसरा शनिवार ब्रॅकेटचा. कागदावर दोन तासांचं काम. पण मिशिगनात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ही गाडी आधीच्या मालकाने हिवाळ्यातही चालवलेली. डाव्या आर्मचा मागचा बोल्ट बुशाच्या नळीत गंजून एकजीव झाला होता. नट निघाला, बोल्ट फिरेना. फिरला तर रबरासकट. तेल मारून ठेवलं, चहा प्यालो, पुन्हा तेल मारलं, मोठ्या हातोड्याने ठोकलं. शेवटी नळीच्या दोन्ही बाजूंनी ब्लेड घालून बोल्ट कापला. नवे बोल्ट आणायला सोमवार उजाडला. ज्याला हे काम करायचं असेल त्याने बोल्ट आधीच मागवावेत, तीस-चाळीस डॉलरचा प्रश्न आहे.

मित्राने खालचं भोक निवडलं. त्याचं तर्कशास्त्र : कोन बिघडल्याने त्रास झाला, तर कोन जितका जास्त सुधारू तितकं चांगलं. आर्मचं पुढचं टोक आता मागच्यापेक्षा सव्वातीन अंश वर गेलं. पार्किंगमध्ये क्लच सोडला आणि गाडी बंदुकीतून सुटल्यासारखी गेली. नाच जवळजवळ संपला. तो उतरून नाचला, ते वेगळं.

मिलानला पहिली धाव उत्तम झाली, साठ फूट २.०९. मग त्याने शेवटच्या टोकाला जोरात ब्रेक दाबला आणि मागून पुन्हा तीच धडधड. या वेळी ब्रेकवर. घरी येताना महामार्गावरून उतरायच्या ओल्या वळणावर गाडीचं मागचं अंग त्याच्या अपेक्षेपेक्षा जास्त वळलं. घाबरून त्याने मला तिथूनच फोन केला.

दोन्ही गोष्टींचं मूळ तेच सव्वातीन अंश. ब्रेक लावल्यावर जोर उलटा होतो, खालचे आर्म ढकलायच्या ऐवजी ओढतात. पुढे वर झुकलेला आर्म ओढला गेला की एक्सल वर उचलला जातो. निघताना मिळालेली उसनी दाब थांबताना व्याजासकट परत द्यावी लागते. आणि वळणात गाडी झुकते तेव्हा बाहेरचं चाक बॉडीच्या दिशेने वर येतं, तिथला आर्म आडवा होताना एक्सलची ती बाजू मागे ढकलतो, आतली बाजू पुढे येते. एक्सल स्वतःच किंचित वळतो, आणि तोही गाडीचं बूड बाहेर काढणाऱ्या दिशेने. मला हे ठाऊक होतं. भोक निवडताना मी ते बोललोही होतो, पण पाण्याचा घोट घेत, हळू आवाजात. जोर धरायला हवा होता.

तिसऱ्या शनिवारी आर्म वरच्या भोकात आणला. कोन आता पुढे वर एक अंश, म्हणजे मूळच्या गाडीसारखाच. ब्रेकवरची धडधड गेली, वळणात गाडी शहाण्यासारखी वागू लागली. चार हजारांवर क्लच सोडल्यावर मात्र दोन-तीन बारीक उड्या परत आल्या. गुलाबी रेघ पुन्हा ओढली. बुश अजूनही सात-आठ मिलिमीटर पिळत होता. आता आर्म बदलायला कारण होतं आणि आकडाही होता.

आर्म निवडताना एकच मुद्दा चर्चेचा झाला. दोन्ही टोकांना पॉलियुरेथेन असलेले स्वस्त, पण वळणात एक चाक वर आणि एक खाली जातं तेव्हा आर्मला थोडं पिळायला मुभा लागते. मऊ रबर ती देतं, कडक पॉलियुरेथेन फारशी देत नाही आणि सस्पेन्शन अडकल्यासारखं होतं. म्हणून एका टोकाला पॉलियुरेथेन आणि दुसऱ्याला गोल सांधा असलेले आर्म घेतले, सत्तर-ऐंशी डॉलर जास्त देऊन. ग्रीसची निप्पल असलेले. नसलेले घेतले तर वर्षभरात मागून जुन्या पलंगासारखी करकर ऐकू येते. लांबी मूळच्या आर्माइतकीच ठेवली. शेवटी पिनियनचा कोन तपासला, एक्सलचं पुढे आलेलं नाक प्रॉपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या लांब दांडीच्या, मानाने किंचित खाली होतं, हात लावला नाही.

निष्पत्ती

चौथ्या शनिवारी पार्किंगमध्ये चार हजारांवर पाच वेळा क्लच सोडला. चार वेळा टायर थोडा घसरून गाडी सरळ निघाली, पाचव्यांदा मित्राने मुद्दाम पाच हजारांवर सोडला तर लांब काळा पट्टा उमटला, नाच नाही. नेलपॉलिशची रेघ दोन मिलिमीटरही सरकली नाही. ऑगस्टमध्ये मिलानला साठ फुटांची वेळ २.०४ ते २.१० यांत राहिली. खालच्या भोकातली २.०९ लक्षात घेतली तर वरच्या भोकाने निघण्यात काहीच गमावलं नाही, आणि हे मला त्याच्यासमोर जरा मोठ्याने वाचून दाखवावंसं वाटलं.

डिफरन्शियलचं तेल काढून बघितलं. चुंबकावर राखाडी चिखल होता, दात किंवा कपचा नव्हता. एवढ्या मारानंतर हे नशीबच म्हणायचं.

किंमत आवाजात चुकवावी लागली. खडबडीत काँक्रीटवर मागून घरघर वाढली आहे. मुलगी म्हणते, "बाबा, गाडी पोट दुखल्यासारखी करते." वरचा आर्म बदलला असता तर याच्या दुप्पट झालं असतं. डावा ब्रॅकेट आतापर्यंत एकदा घासलाय, आमच्याच गल्लीतल्या ड्राइव्हवेच्या उंचवट्यावर.

एकूण खर्च बोल्ट धरून साडेचारशे डॉलरच्या आसपास. टोपलीत होतं त्याच्या एक तृतीयांशही नाही.

आता केलं तर वेगळं काय

सगळ्यात आधी शॉक. जुने शॉक मूळच्या, मऊ आणि लांब स्प्रिंगांसाठी होते. आखूड, कडक स्प्रिंगांवर त्यांना वरखाली व्हायला जागा कमी उरली होती आणि पन्नास हजार मैलांनी दमलेलेही होते. पुढच्या वसंतात त्यातला एक तेल गाळू लागला म्हणून बदलले, तेव्हा वरच्या भोकातही एखादी उरलीसुरली थरथर यायची तीही गेली. म्हणजे तिसऱ्या शनिवारी आम्ही "बुश अजून पिळतोय" म्हणालो ते खरं होतं, पण त्या दोन-तीन उड्यांतला काही भाग शॉकचा असणार. किती, ते आता कधीच कळणार नाही, कारण आम्ही शॉक मोजलेच नव्हते. मी सस्पेन्शनवाला असून ते विसरलो, हे लिहिताना बरं वाटत नाही.

दुसरं, स्प्रिंगा बसवतानाच दुकानाला एक वाक्य सांगायला हवं होतं : आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा. त्याच दिवशी ब्रॅकेटही लावून घेतले असते तर गंजलेला बोल्ट त्यांच्या लिफ्टवर कापला गेला असता, आमच्या गॅरेजमध्ये पाठीवर झोपून नाही.

आणि भोकाबद्दल. आम्ही तो निर्णय तडजोड म्हणून वाटून घेतला, जणू रंग निवडायचा होता. कुठला शनिवार कधी घालवायचा यावर तडजोड चालते. आर्म किती अंशांवर ठेवायचा यावर चालत नाही, कारण ओल्या वळणाला आमची तडजोड माहीत नसते. पुन्हा असा प्रसंग आला तर मी कोनमापक त्याच्या हातात देईन आणि ब्रेकचं काय होईल ते कागदावर काढून दाखवेपर्यंत पाना उचलू देणार नाही.

पॅनहार्ड रॉड अजून तसाच आहे, सहा मिलिमीटर एका बाजूला. लांबी बदलता येणारा रॉड त्याच्या टोपलीत परत गेलाय. परवा त्याचा फोन आला, "सवलत रविवारपर्यंत आहे."